चोवीस तासांची शर्यत

उर्दूतील 'शर्त' हा शब्द तुम्हांला माहीत आहे. शर्त म्हणजे अट. मराठीत वेगाच्या स्पर्धेला 'शर्यत' म्हणतात. हे दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दापासून आले आहेत. जेथे शर्यत आहे तेथे अटी आल्याच! आपल्या शालेय क्रीडास्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट असतात. शंकरपटात काही ठिकाणी बैलांचे दात पाहून गट पाडतात. ज्या बैलाचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत त्याला 'आदत' म्हणतात. (येथे आदत म्हणजे सवय नव्हे, हे लक्षात ठेवा.) मोटारींच्या शर्यतींतही असेच गट असतात.

मोटारींच्या काही शर्यती दीड-दोन तासांत संपतात. काही मात्र दमाच्या असतात. गाडी किती जोरात पळते एवढेच त्यांत पाहत नाहीत. ती किती वेळ न बिघडता पळते, हेही पाहतात. अशी परीक्षा आपल्या महाराष्ट्रातही झाली आहे. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची चाचणी घेण्यात आली. अंतर होते ६२० मैल, म्हणजे सुमारे एक हजार किलोमीटर. वाटेत उंच घाट होते आणि रस्ते आजच्यासारखे नव्हते. 'पर्ल ऑफ द ईस्ट', म्हणजे 'पूर्वेचा मोती', या नावाची रोल्स-रॉइस मोटार बिघाडामुळे एकदाही थांबली नाही. तिने पहिला मान मिळवला. पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली.

दमाच्या शर्यतींत जगात सर्वांत नावाजलेली शर्यत फ्रान्समधील ल माँ या शहरात होते. ती १९२३ साली सुरू झाली. शनिवारी दुपारी निघालेल्या मोटारी रविवारी दुपारपर्यंत, पूर्ण चोवीस तास, एकाच मार्गावर फेऱ्या मारतात. एक फेरी साडेतेरा किलोमीटरांहून थोडी मोठी आहे. या मार्गाचा बराच भाग एरवी लोकांच्या रोजच्या वापराचा रस्ता असतो. पहिल्या वर्षी ३३ मोटारी निघाल्या आणि ३० शेवटपर्यंत टिकल्या. त्या वेळचे नियम मोठे मजेदार होते. मोठ्या मोटारीला चार आसने हवीत आणि रिकाम्या आसनांवर माणसांच्या वजनाइतके ओझे ठेवलेच पाहिजे, असा नियम होता. कारण शर्यतीतील मोटार आणि घरची मोटार यांत फार फरक नसावा, अशी आयोजकांची इच्छा होती.

आज फरक पुष्कळ झाला आहे. २०२५ च्या शर्यतीत ६२ मोटारी होत्या आणि त्यांचे तीन गट होते. पहिला गट 'हायपरकार'. या मोटारी खास शर्यतीसाठीच बनवतात. त्यांचे वजन १०३० किलोग्रॅमपेक्षा कमी चालत नाही आणि ताकद सुमारे ६७० अश्वशक्ती असते. आपल्याकडील लहान मोटारीची ताकद सत्तर-ऐंशी अश्वशक्ती असते, यावरून अंदाज करा. दुसरा गट 'एलएमपी टू'. याही खास शर्यतीच्या मोटारी आहेत. पण सर्वांना एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे इंजिन वापरावे लागते. त्यामुळे खर्च आवाक्यात राहतो आणि लहान संघांनाही उतरता येते. तिसरा गट 'एलएमजीटी थ्री'. या मोटारी दुकानात मिळणाऱ्या महागड्या मोटारींपासून तयार करतात. या गटातील प्रत्येक मोटारीच्या तीन चालकांपैकी निदान एक हौशी चालक असावाच लागतो. चालकांच्याही चार श्रेणी ठरवल्या आहेत: प्लॅटिनम, सुवर्ण, रौप्य आणि कांस्य. हौशी चालक कांस्य श्रेणीतला.

तुम्ही विचाराल, एका गटात वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोटारी असतील तर बरोबरी कशी होणार? त्यासाठी आयोजक प्रत्येक मोटारीचे किमान वजन आणि कमाल ताकद स्वतंत्रपणे ठरवून देतात. जी मोटार फार पुढे जाईल अशी दिसते तिच्यावर ओझे वाढवतात किंवा तिची ताकद घटवतात. मला हा नियम थोडा विचित्र वाटतो. हुशार मुलाच्या दप्तरात दगड भरावेत तसा हा प्रकार! पण तो नसेल तर ज्याच्याजवळ पैसा अधिक तोच दरवर्षी जिंकेल, हेही खरे आहे.

हे तिन्ही गट एकाच वेळी एकाच रस्त्यावर धावतात. प्रत्येक गटाचा विजेता वेगळा असतो. धोका येथेच आहे, कारण वेगवान मोटारींना रात्रीच्या अंधारातही सतत हळू मोटारींना ओलांडून जावे लागते. ११ जून १९५५ रोजी याच शर्यतीत भयंकर अपघात झाला. पुढच्या एका मोटारीने थांब्याकडे वळण्यासाठी एकदम वेग कमी केला. तिला चुकवण्यासाठी मागची हळू गटातील मोटार बाजूला सरकली. तिच्या मागून पिएर लवेग यांची मर्सिडीज फार वेगाने येत होती. ती त्या हळू मोटारीवर चढली, उडाली आणि तिचे जळते तुकडे प्रेक्षकांत जाऊन पडले. लवेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक प्राणांस मुकले. त्यानंतर तेथील रस्ता रुंद केला, मोटारी थांबण्याची जागा नव्याने बांधली. स्वित्झर्लंडने तर आपल्या देशात अशा शर्यतींवर बंदी घातली.

नियम कसे बदलतात याचे दुसरे उदाहरण पाहा. पूर्वी चालक रस्त्याच्या एका कडेला उभे राहत. इशारा होताच ते पळत पलीकडे जात, मोटारीत उडी घेत आणि निघत. घाईत कोणी पट्टा बांधत नसे. १९६९ साली जॅकी इक्स हा तरुण चालक मुद्दाम सावकाश चालत गेला, त्याने नीट पट्टा बांधला आणि तो सर्वांच्या मागून निघाला. त्याच शर्यतीच्या पहिल्या फेरीत जॉन वुल्फ हे चालक अपघातात मरण पावले. चोवीस तासांनंतर इक्स जिंकला, तोही अवघ्या शंभर-सव्वाशे मीटरांनी! पुढच्या वर्षापासून पळत जाण्याची पद्धत बंद झाली.

तपासणीही कडक असते. २०२४ साली जिंकलेल्या फेरारी संघाची ५० क्रमांकाची मोटार २०२५ साली चौथी आली. शर्यत संपल्यावर पंचांनी पाहिले, तर मागच्या पंखाला धरून ठेवणारे काही बोल्ट जागेवर नव्हते. मोटार बाद झाली. गॅरेजात काम शिकणाऱ्या मुलांनी ही गोष्ट आपल्या उस्तादांना जरूर सांगावी.

या शर्यतीत आपलेही लोक गेले आहेत. २००९ साली नारायण कार्तिकेयन यांची निवड झाली होती. पण सुरुवातीपूर्वीच त्यांचा खांदा निखळला. २०१२ साली करुण चंढोक तेथे धावणारे पहिले भारतीय ठरले आणि त्यांची मोटार सहावी आली. महाराष्ट्रात पुण्याजवळ चाकण येथे फोक्सवॅगनचा कारखाना आहे. या कंपनीने २०१० पासून काही वर्षे भारतात अशा शर्यती भरवल्या, की ज्यांत सर्वांच्या मोटारी अगदी सारख्या असत. कोल्हापूरचे ध्रुव मोहिते या शर्यतींत उतरले होते. मोटार सारखी असली की सबब सांगायला जागा उरत नाही.

आता चालकांच्या विश्रांतीविषयी. १९५२ साली वर सांगितलेल्या लवेग यांनी सगळी शर्यत एकट्याने चालवायचे ठरवले. जवळजवळ तेवीस तास ते एकटेच मोटार चालवत राहिले. जोडीदार तयार असूनही त्यांनी त्याला बसू दिले नाही. अखेर सुमारे एक तास उरला असताना इंजिन मोडले आणि हातातला विजय गेला. आज हे चालत नाही. कोणत्याही सहा तासांत चार तासांहून अधिक आणि एकूण चौदा तासांहून अधिक वेळ कोणालाही मोटार चालवता येत नाही.

आपल्या देशातही १९६१ साली मोटार कामगारांसाठी कायदा झाला. त्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, असे ठरवले होते. माझे मामू मानवतच्या बाजारातून कापसाच्या गाठी घेऊन मुंबईला ट्रक नेत. एका पहाटे डोळा लागला आणि ट्रक रस्ता सोडून खड्ड्यात गेला. जीव वाचला, पण उजवा हात कायमचा अधू झाला. ल माँचा हा नियम मी त्यांना सांगितला, तेव्हा त्यांनी विचारले, "चार तास झाले की मग पुढे कोण चालवतो?"

मी म्हणालो, "दुसरा चालक टोपी घालून तयार उभा असतो, मामू."

मामू हसले. म्हणाले, "आमच्याकडे क्लीनर होता. तोही झोपलेला होता."