अर्धवट गाडी: ठेवावी की विकावी?

न खपलेला तागा जितके दिवस फळीवर, तितके दिवस भांडवल अडकले, हे आम्ही कापडाच्या धंद्यात शिकलो. जुन्या मोटारींच्या बाबतीत मात्र विसरलो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या दोन फियाट अकराशे आमच्या गोदामात उघडून पडल्या आहेत. एक वडिलांची, दुसरी हौसेने घेतलेली. थोरल्या मुलाच्या निकाहाला गाडी तयार होणार होती. आता त्याची मुलगी शाळेत जाते.

हिशेब असा करावा. आजवर घातलेला पैसा धरू नये, तो गेला. समजा, आहे त्या स्थितीत गाडीचे १ लाख येतात, पुरी करायला आणखी ३ लाख लागतील आणि तयार गाडी साडेतीन लाखांना जाईल. म्हणजे पुरी करण्यात ५० हजारांची खोट. त्यात गंजलेला पत्रा उघडला की खर्च वाढतोच.

मग कागदपत्रे पाहावीत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या खासगी गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. मात्र सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही आणि गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही.

विकताना सुटे भाग चिठ्ठ्या लावून गाडीबरोबरच द्यावेत, ऐब आधी सांगावा. आम्ही हौसेची गाडी विकत आहोत. त्या पैशांत वडिलांची पुरी करू. तिथे मात्र नफ्या-तोट्याचा हिशेब आम्ही मांडलेला नाही.