खाजकुइलीची शेंग आणि उंबरठ्याशी अडलेलं पाऊल

पावसाळा सरला की सातपुड्याच्या पायथ्याला, जळगावच्या यावल-चोपड्यापासून धुळ्याच्या शिरपूरपर्यंत, खाजकुइलीच्या तपकिरी मखमली शेंगा लोंबू लागतात. वाऱ्याने त्यांची कुसळं अंगावर आली की विचाराला सवडच नसते. नखं आधी चालतात, शिव्या मागाहून येतात. कुसळांतलं म्युकुनेन नावाचं एन्झाइम त्वचेतल्या मज्जातंतूंची टोकं चेतवतं, पुढचं सगळं आपोआप. मग शेण चोळा नाहीतर चिखल.

गंमत शेंगेच्या आत आहे. तिच्या बियांतून १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी एल-डोपा वेगळं काढलं. वीस वर्षांनी स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. तेही आपल्या सर्पगंधेतलंच. ससे ढिम्म बसले. एल-डोपा टोचल्यावर थोड्याच वेळात हिंडू लागले. मेंदूत एल-डोपाचं डोपामिन होतं, आणि ठरवून हालचाल करायला ते लागतंच. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं.

व्हॉट्सअ‍ॅपवर डोपामिनला ‘सुखाचं रसायन’ म्हणतात. मला ते नाव पटत नाही. पार्किन्सनचा रुग्ण पाहा. मध्यमेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी झिजलेल्या. ओट्यावरून उठून आत जायचंय, ताट वाढलंय, भूकही आहे. पण उंबरठ्याशी पाय जमिनीला चिकटतात. ‘बाबा, चला ना लवकर’ म्हणून घाई केली तर आणखीच अडतात. मग कुणीतरी फरशीवर खडूने आडव्या रेघा ओढतं, आणि तेच बाबा एकेक रेघ ओलांडत पाटापर्यंत जातात. सगळ्यांना नाही, पण अनेकांना हे साधतं. पायांत बळ होतंच. आतून निघणारा हुकूम डोपामिनवाचून अडला होता. डोळ्यांना दिसलेल्या खुणेला पाय बऱ्याच अंशी वेगळ्या वाटेने उत्तर देतात.

उलटंही होतं. डोपामिनसारखं काम करणाऱ्या काही औषधांनी, आयुष्यात पत्त्यांना हात न लावलेल्या माणसाला जुगाराची ओढ लागल्याची उदाहरणं आहेत. घरचे त्याला म्हातारचळ समजतात. तो औषधाचा दोष असू शकतो.

बाजारात खाजकुइलीच्या बियांचं, म्हणजे कौंचबीजाचं, चूर्ण सहज मिळतं. पार्किन्सनच्या गोळीत एल-डोपा मोजून घातलेलं असतं. बीमध्ये किती, ते वाणागणिक आणि जमिनीगणिक बदलतं. त्या गोळ्या चालू असतील तर चूर्णाची पुडी उघडण्याआधी डॉक्टरांना विचारा. खडू मात्र आजच आणून ठेवा.