बॉम्ब अचूक पडला, पण नकाशा जुना होता: संरक्षणासाठीचे डिजिटल नकाशे

आज आपण डिजिटल नकाशांविषयी बोलणार आहोत. मोबाईलवर रस्ता दाखवणारे नकाशे आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. आज विषय आहे तो सैन्य, विमानं आणि सीमेवरचे जवान ज्यांच्यावर विसंबतात त्या नकाशांचा.

कागदी नकाशा हे एक चित्र असतं. डिजिटल नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले माहितीचे थर. जमिनीच्या उंचीचा एक, रस्ते-पुलांचा एक, नद्यांचा एक, विजेच्या तारा आणि मनोऱ्यांचा एक. तोफखान्याला उंची लागते, रणगाड्यांना पूल किती वजन पेलेल हे लागतं, हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला तारा कुठे आहेत ते आधी कळायला हवं. आता यातली मेख बघा. प्रत्येक थर वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांनी तयार केलेला असतो. स्क्रीनवर मात्र सगळे एकत्र येतात आणि सगळे सारखेच ताजे वाटतात.

याची किंमत काय असू शकते? ७ मे १९९९ च्या रात्री बेलग्रेडमध्ये अमेरिकन बी-२ विमानाने उपग्रहाच्या मार्गदर्शनावर चालणारे बॉम्ब टाकले. ते जिथे पडायला सांगितले होते तिथेच पडले. पण ती इमारत चीनच्या दूतावासाची होती. तीन चिनी पत्रकार मारले गेले. अमेरिकेने नंतर दिलेलं स्पष्टीकरण असं, की लक्ष्य होतं लष्करी सामग्रीची खरेदी करणारं एक सरकारी कार्यालय, जे तिथून काहीशे मीटरवर होतं. त्याचा पत्ता माहीत होता, नेमकी जागा माहीत नव्हती. मग शेजारच्या रस्त्यांवरच्या घरक्रमांकांवरून अंदाज बांधून जागा ठरवली गेली. दूतावास १९९६ मध्येच नव्या जागी गेला होता, पण तपासणीच्या याद्यांमध्ये तो जुन्याच पत्त्यावर होता. चीनला हे स्पष्टीकरण पटलं नाही, तो वाद वेगळा. आपल्या दृष्टीने मुद्दा हा, की शस्त्र जितकं अचूक, तितकी नकाशातली चूक जास्त घातक. पूर्वी बॉम्ब इकडेतिकडे पडायचे, आता चुकीच्या घराच्या बरोबर मध्यावर पडतात.

दुसरी गोष्ट थोडी तांत्रिक आहे, पण सोडून चालणार नाही. पृथ्वी काही नीट गोल नाही. त्यामुळे नकाशा काढताना तिचा एक गणिती आकार आणि एक आरंभबिंदू गृहीत धरावा लागतो. याला डेटम म्हणतात. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासूनचा. त्याचे जुने नकाशे एव्हरेस्ट डेटमवर बेतलेले आहेत. जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस-८४ वर. एकाच टेकडीचे अक्षांश-रेखांश दोन्हीकडे वेगळे येतात आणि भारतात हा फरक साधारण शंभर मीटर किंवा त्याहून जास्त भरतो. आता कल्पना करा. पुढच्या चौकीने जुन्या नकाशावरून जागा कळवली आणि मागे तोफेवाल्यांनी ती जीपीएसची समजून घेतली, तर गोळा कुठे जाईल? आकडे दोघांचेही बरोबर आहेत! म्हणून सैन्यात नुसते आकडे सांगून भागत नाही, डेटमही सांगावा लागतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणात सर्वसामान्यांसाठीची मालिका डब्ल्यूजीएस-८४ वर आणली गेली आणि संरक्षणाची मालिका वेगळी ठेवली गेली.

आता विमानांकडे वळू. ७ जुलै १९६२ ला अलिटालियाचं डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईला येत होतं. मुंबई प्रत्यक्षात होती त्यापेक्षा जवळ आली असं समजून वैमानिकाने अंधारात लवकर उंची कमी केली आणि विमान आपल्या जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. ९४ जण गेले. विमान धडधाकट, फक्त डोंगर कुठे आहे ते कळलं नाही. सत्तरच्या दशकात धोक्याचा इशारा देणारं यंत्र आलं, पण ते सरळ खाली बघायचं. समोर उभा कडा असेल तर इशारा मिळेपर्यंत उशीर झालेला असे. उपाय एकच होता, जगभरच्या डोंगरांचा डिजिटल नकाशा विमानातच ठेवायचा. असा नकाशा कोणाकडे होता? सोव्हिएत सैन्याकडे. मूळचे कॅनडाचे अभियंते डॉन बेटमन यांच्या चमूने सोव्हिएत संघ फुटल्यावर ती माहिती विकत मिळवली. शीतयुद्धासाठी काढलेले नकाशे असे प्रवाशांच्या जिवासाठी कामी आले.

पुढे २००० च्या फेब्रुवारीत एन्डेव्हर यानाने ११ दिवसांत पृथ्वीवरची सुमारे ८० टक्के जमीन रडारने मोजली. पण रडार तिरकं बघतं, त्यामुळे हिमालयाच्या खोल दऱ्यांमध्ये काही जागा कोऱ्याच राहिल्या. आपल्याला नेमक्या त्याच हव्यात! भारताने २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ वर दोन कॅमेरे होते, एक पुढे झुकलेला, एक मागे. दोन डोळ्यांनी बघितल्यावर खोली कळते, तसंच.

सीमेचं काय? इथे तंत्रज्ञानाची मर्यादा दिसते. एनजे ९८४२ हे नाव आपण ऐकलं असेल. ते नकाशाच्या चौकटीतल्या एका बिंदूचं नाव आहे. १९४९ च्या कराची करारात युद्धविराम रेषा तिथपर्यंत आखली गेली. पुढे ती उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत जाते, एवढंच लिहिलं. तिथे कोण जाणार, असं वाटलं असावं. नंतर काही अमेरिकन नकाशांवर तिथून थेट काराकोरम खिंडीपर्यंत रेषा ओढलेली दिसू लागली, म्हणजे सियाचिन पाकिस्तानकडे! कर्नल नरेंद्र 'बुल' कुमार यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस असा नकाशा पाहिला आणि वरिष्ठांना दाखवला. १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं. जवान आजही तिथे आहेत.

आसाममध्ये धुबरीला उलट अडचण. तिथे रेषा ठरलेली आहे, जमीनच हलते. ब्रह्मपुत्रा बांगलादेशात शिरते त्या ६१ किलोमीटरच्या पट्ट्यात पूर आला की वाळूची बेटं बुडतात, नवी वर येतात. कुंपण घालणार कुठे? म्हणून २०१९ पासून तिथे कॅमेरे आणि सेन्सर बसवून सीमा सुरक्षा दल नियंत्रण कक्षातून पहारा देतं. कॅमेऱ्यात होडी दिसली, तर ती रेषेच्या अलीकडे की पलीकडे, हे ठरवायला पुन्हा नकाशाच लागतो, आणि नदीचं पात्र असलेला तो थर तिथे दर पावसाळ्यानंतर नव्याने करावा लागतो.