रोनाल्डो रियल माद्रिदकडून पहिल्यांदा खेळला, तेव्हा समोरचा क्लब चाहते चालवत होते

20 जुलै 2009. त्या वेळचा जगातला सगळ्यात महागडा फुटबॉलपटू ख्रिस्तियानो रोनाल्डो रियल माद्रिदच्या जर्सीत पहिल्यांदा मैदानात उतरला. मॅच होती आयर्लंडमध्ये. डब्लिन शहराच्या कडेला टाला नावाचं उपनगर आहे, तिथे चार महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या एका छोट्या स्टेडियममध्ये. समोर होता शॅमरॉक रोव्हर्स. बेन्झेमाने अगदी शेवटी गोल मारला आणि रियल 1-0 ने जिंकलं.

दुसऱ्या दिवशी फोटो अर्थातच रोनाल्डोचे छापून आले. पण चारच वर्षांपूर्वी हा रोव्हर्स क्लब दिवाळखोरीच्या दारात उभा होता, तेही स्वतःचं मैदान नसताना. त्याला वाचवलं कोणी? त्याच्याच चाहत्यांनी. तेही नुसत्या घोषणा देऊन नाही, चक्क क्लब ताब्यात घेऊन.

हे कसं झालं ते समजून घ्यायला आधी आयर्लंडची एक गंमत माहिती पाहिजे. तिथे फुटबॉलचं वेड प्रचंड आहे, पण बहुतेकांचा जीव अडकलेला असतो तो इंग्लंडच्या लिव्हरपूल नाहीतर मँचेस्टर युनायटेडमध्ये. पबमधल्या उंच स्टुलावर बसून टीव्हीवर इंग्लिश मॅच बघणाऱ्या या मंडळींना लीग ऑफ आयर्लंडचे कट्टर चाहते चिडवून 'बारस्टूलर' म्हणतात. (रात्री जागून प्रीमियर लीग बघणाऱ्या आपल्या मित्रांनी हे मनाला लावून घेऊ नये.) मग स्थानिक क्लबच्या वाट्याला काय येतं? थोडे प्रेक्षक, थोडा पैसा आणि सतत डोक्यावर कर्ज.

रोव्हर्सचं दुखणं मात्र पैशांच्याही आधीचं आहे. मिलटाउन भागातलं ग्लेनमॅल्युर पार्क हे त्यांचं जुनं मैदान. 1984 ते 1987 अशी सलग चार वर्षं त्यांनी लीग जिंकली आणि नेमक्या त्या चौथ्या वर्षी मालकांनी मैदान विकायला काढलं. चाहत्यांनी 'रोव्हर्सला मिलटाउनमध्येच ठेवा' अशी मोहीम उघडली. पुढच्या सीझनला क्लब दुसऱ्याच्या मैदानावर खेळायला लागला, तर हे लोक गेटबाहेर उभे राहून येणाऱ्यांना आत जाऊ नका म्हणून सांगत होते. स्वतःच्याच टीमच्या मॅचवर बहिष्कार! मैदान वाचलं नाही. तिथे घरं झाली. आज त्या जागेजवळ एक स्मारक तेवढं आहे.

पुढची 22 वर्षं रोव्हर्सने डब्लिनमध्ये भाड्याच्या मैदानांवर काढली. टालामध्ये स्टेडियम बांधायला घेतलं, पण पैसे संपले आणि काम अर्धवट पडलं. 2005 मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. आयर्लंडमध्ये बुडत्या कंपनीला देणेकऱ्यांपासून काही काळ कोर्टाचं संरक्षण मिळतं, तेवढ्यात कोणीतरी तिला सावरायचं असतं. सावरायला पुढे आला '400 क्लब', म्हणजे वर्गणी काढून पैसे जमवणाऱ्या चाहत्यांचा गट. त्याच वर्षी लीगने गुण कापले आणि रोव्हर्स इतिहासात पहिल्यांदा खालच्या डिव्हिजनमध्ये घसरले. नवीन मालकांचं स्वागत असं झालं.

आता चाहत्यांचा क्लब म्हणजे नेमकं काय? हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा आठवा. साधारण तसंच. वर्षाची फी भरून सभासद व्हायचं. कोणी कितीही श्रीमंत असो, मत एकच. सभासद संचालक मंडळ निवडतात, मंडळ हिशोब मांडतं, सभेत प्रश्न विचारले जातात, भांडणंही होतात. नफा झाला तर तो कोणाच्या खिशात जात नाही, क्लबमध्येच राहतो. तिकिटं फाडण्यापासून जर्सी विकण्यापर्यंतची कामं मोठ्या प्रमाणावर हेच लोक फुकट करतात. आठवडाभर नोकरी आणि शुक्रवारी संध्याकाळी क्लब, कारण तिथल्या बहुतेक मॅच शुक्रवारी असतात.

रोव्हर्स एका वर्षात परत वर आले. टालाचं अर्धवट स्टेडियम तिथल्या कौन्सिलने पूर्ण करायला घेतलं. शेजारच्या एका गेलिक खेळांच्या क्लबने मैदान आमच्याही खेळाच्या मापाचं करा म्हणून कोर्टात धाव घेतली होती, ते हरले. मार्च 2009 मध्ये रोव्हर्स तिथे राहायला आले. मालक नाही, भाडेकरू म्हणूनच, पण आता पत्ता पक्का होता.

2010 मध्ये लीग जिंकली, 2011 मध्ये पुन्हा. आणि 2011 च्याच ऑगस्टमध्ये बेलग्रेडला जाऊन पार्टिझानला जादा वेळेत 2-1 ने हरवलं. युरोपियन स्पर्धेच्या ग्रुप स्टेजमध्ये पोहोचलेला हा पहिला आयरिश क्लब. तिथे सहाच्या सहा मॅच हरले, हेही सांगायला हवं. पण लंडनमध्ये टॉटनहॅमविरुद्ध काही मिनिटं 1-0 ने पुढे होते. त्या काही मिनिटांबद्दल रोव्हर्सवाले आयुष्यभर बोलू शकतात.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. अडचण इथून पुढे सुरू होते.

फीच्या पैशांवर क्लब जगतो, पण मोठा होणं अवघड असतं. चांगला खेळाडू, अकादमी, प्रवास, सगळ्याला पैसा लागतो. रोव्हर्सच्या सभासदांनी शेवटी बाहेरच्या गुंतवणूकदारांना हिस्सा दिला. सभासदांकडे 50 टक्के राहिले. उरलेल्यात 25 टक्के ऑस्ट्रेलियात उद्योग करणाऱ्या रे विल्सन या जुन्या चाहत्याकडे आणि 25 टक्के स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबचे मोठे भागधारक डर्मॉट डेस्मंड यांच्याकडे. त्यानंतर 2020 ते 2023 सलग चार वेळा लीग. 1987 ची बरोबरी झाली, यावेळी मैदान न विकता!

कॉर्क सिटीची वाट वेगळी झाली. 2010 मध्ये जुनी कंपनी बुडाली तेव्हा 'फोरास' या चाहत्यांच्या संस्थेने क्लब खालच्या डिव्हिजनमधून पुन्हा उभा केला आणि 2017 मध्ये लीग आणि कप दोन्ही जिंकले. एवढं करूनही पैशाची ओढाताण संपली नाही. 2023 पासून तो क्लब एका उद्योजकाच्या मालकीचा आहे. माझ्या मते याला चाहत्यांचं अपयश म्हणणं अन्याय आहे. ते नसते, तर विकायला क्लबच उरला नसता.

डब्लिनचाच बोहेमियन्स क्लब मात्र 1890 पासून सभासदांचाच आहे. तुम्ही त्यांचं नाव ऐकलं नसेल, पण जर्सी कदाचित फीडमध्ये पाहिली असेल. त्यांच्या डॅलिमाउंट पार्कवर 1980 मध्ये बॉब मार्लेची मैफल झाली होती. ती आठवण धरून त्यांनी 2018 मध्ये मार्लेचा चेहरा असलेली जर्सी जाहीर केली, ती जगभर व्हायरल झाली आणि मग फोटोच्या हक्कांचा घोळ निघाल्यामुळे मागे घ्यावी लागली. चेहऱ्याच्या जागी वळलेली मूठ आली. 2020 मध्ये 'निर्वासितांचं स्वागत आहे' असं लिहिलेली जर्सी त्यांनी अ‍ॅम्नेस्टीसोबत काढली. जिथे जाहिरात असायची तिथे हा मजकूर! एखाद्या मालकाने हे केलं असतं का, मला शंका आहे. इथे मालकच स्टँडमध्ये उभे राहून ओरडणारे लोक होते.

बघायची इच्छा झाली असेल तर सीझन साधारण फेब्रुवारी ते नोव्हेंबर असतो. तिकडच्या उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी 7:45 ची मॅच आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू होते. रोव्हर्स विरुद्ध बोहेमियन्स असेल, तर जागायला हरकत नाही.