नाव उन्हाळ्याचे, पीक थंडीचे

दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत मी वर्षाचा गहू भरायला वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये जातो. तिथल्या धान्य बाजाराला आजही ‘दाणाबंदर’ म्हणतात. बंदर मुंबईतच राहिले. बाजार खाडी ओलांडून आला आणि येताना नाव घेऊन आला.

तिथे आपण लोकवन मागतो, शरबती मागतो. वनस्पतिशास्त्रात मात्र दोहोंचे नाव एकच : ट्रिटिकम एस्टिव्हम. लॅटिनमध्ये ‘एस्टिव्हम’ म्हणजे उन्हाळ्याचा. आता गंमत पाहा. आपल्याकडे गहू नोव्हेंबरच्या सुमारास पेरतात. तो थंडीवर पोसतो आणि ऊन तापू लागले की कापणीला येतो. नावावर विसंबून कुणी तो उन्हाळ्यात पेरला, तर बियाणेही वाया जायचे!

मग हे नाव आले कुठून? स्वीडनच्या लिनियसने 1753 साली ते आपल्या ग्रंथात नोंदवले. तिकडे एक गहू वसंतात पेरून उन्हाळ्यात वाढवीत. दुसरा शरदात पेरलेला हिवाळा काढी. पहिल्याला त्याने ‘एस्टिव्हम’ म्हटले, दुसऱ्याला ‘हायबर्नम’, म्हणजे हिवाळी. पुढे दोन्ही एकाच जातीचे ठरले आणि ‘एस्टिव्हम’ टिकले. ऋतूंची अशी नावे आणखीही आहेत. ‘व्हर्नालिस’ म्हणजे वासंतिक, ‘ऑटम्नाले’ म्हणजे शारदीय. गाऊटवरचे कोल्चिसिन हे औषध ज्या झाडापासून मिळते, ते कोल्चिकम ऑटम्नाले शरदातच फुलते.

नाव आपल्या ऋतूशी जुळत नाही, एवढ्यावरून ते बदलता येत नाही, असा वनस्पतिशास्त्राचा नियमच आहे. प्रत्येक मुलखाने आपल्या हवेप्रमाणे नाव बदलले, तर एकाच झाडाची ओळख जगाला कशी पटायची?

हसण्याआधी आपले शब्दही तपासून पाहावेत. ‘रबी’ हा मूळ अरबी शब्द, अर्थ वसंत. ‘खरीप’ म्हणजे शरद. पीक हाती येण्याच्या ऋतूवरून ही नावे पडली. आमच्या घरी रबिउल-अव्वल महिना पाळतात. त्याच्या नावातही तोच वसंत आहे. पण चांद्रवर्षामुळे हा महिना सगळ्या ऋतूंतून फिरतो. 2025 साली तो ऑगस्टच्या अखेरीस, ऐन पावसाळ्यात सुरू झाला.

नाव पेरणीचा मुहूर्त सांगत नाही. ते कुठे, कोणत्या हवेत ठेवले गेले, एवढेच सांगते. पेरायचे कधी, ते शेतकऱ्याला आणि मातीलाच विचारावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)