मागच्याचा दिवा

सकाळी साडेआठ

चेंबूरला वाशी नाक्याजवळ आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. शटर वर गेलं की आधी बॅटऱ्या चार्जिंगला लागतात, मग टेस्ट लॅम्प तपासायचे: बारा व्होल्टचा एक, चोवीसचा एक. भाचा तोवर बाहेरचं पाणी झाडून काढतो. माहुलच्या रिफायनऱ्यांचे टँकर, राडारोड्याचे डंपर, टेम्पो, रिक्षा, ऑफिसला निघालेल्या स्कूटर, सगळे आमच्या दारावरून जातात आणि त्यातलेच काही दारात थांबतात. आषाढात जरा जास्तच थांबतात. होल्डरमध्ये पाणी शिरतं, काँटॅक्ट गंजतात आणि दिवे जातात.

पुढचा दिवा गेला की मालक त्याच रात्री धावत येतो, कारण त्याला रस्ता दिसत नाही. मागचा गेला तर महिनोन्महिने त्याला पत्ता नसतो. मागचा दिवा आणि मागची नंबरप्लेट पैसे देऊन आपण घेतो, पण वापरतो दुसराच. म्हणून त्यांची हेळसांड होते आणि म्हणूनच तिथे कायद्याला बोलावं लागतं. माझ्या धंद्यात इतक्या वर्षांत मला पटलेली गोष्ट हीच.

साडेनऊ

स्कूटर घेऊन एक बाई आल्या. बँकेत नोकरी, घाईत होत्या. "काका, बॅटरी लवकर उतरतेय." मी मागे जाऊन पाहिलं तर ब्रेक लाइट सतत पेटलेला. लिव्हरखालचा स्विच अडकून बसला होता. बॅटरी उतरणं हा त्यातला छोटा त्रास. मोठा धोका असा, की ह्यांनी खरोखर ब्रेक दाबला तरी मागच्या रिक्षावाल्याला काहीच कळणार नव्हतं. त्याच्यासाठी दिवा कायम लालच. दहा मिनिटांचं काम, स्विच बदलला. त्यांना स्टँडवरच्या स्कूटरच्या मागे उभं केलं आणि भाच्याला लिव्हर दाबायला सांगितलं. "असं कधी बघितलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. बहुतेक सगळे हेच म्हणतात.

जाता जाता त्यांनी विचारलं, दिवसा हेडलाइट का बंद होत नाही? एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींना इंजिन सुरू झालं की दिवा आपोआप लागणं सक्तीचं आहे. तो रस्ता बघायला नसून समोरच्याला दुचाकी दिसावी म्हणून आहे. स्वीडनने तर 1977 पासून दिवसासुद्धा सगळ्याच गाड्यांना दिवे लावायला लावले.

अकरा

पूर्वी ह्या वेळेला नंबरप्लेटची गिऱ्हाइकं यायची. आता तो धंदा जवळपास संपला आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाडीला कंपनीकडूनच हाय सिक्युरिटी प्लेट येते. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात सक्ती झाली तेव्हा 2025 मध्ये मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. दुचाकीला 450 रुपये, रिक्षाला 500, मोटारीला आणि त्यावरच्या गाड्यांना 745, वर जीएसटी. ॲल्युमिनियमचा पत्रा, डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, लेसरने कोरलेला क्रमांक, आणि एकदा बसवलं की तोडल्याशिवाय निघत नाही असं लॉक. ती अधिकृत केंद्रातच बसते. आम्ही हात लावत नाही.

तरी आज एक मुलगा आलाच. नवी मोटरसायकल, नंबर 4141. त्याला मूळ प्लेट काढून आकडे 'दादा' वाचता येतील असे वळवून हवे होते. 8055 चा 'बॉस' करून मागणारेही येतात. मी त्याला स्टूल दिलं, चहा दिला आणि नाही म्हणालो.

त्याला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत आकड्याची उंचीसुद्धा ठरवून दिली आहे. मोटार, ट्रक, बस यांना 65 मिलिमीटर उंची, 10 मिलिमीटर जाडी आणि दोन आकड्यांत 10 मिलिमीटर जागा. दुचाकीच्या मागे अक्षरं 35 आणि आकडे 40 मिलिमीटर. रात्री मागच्या प्लेटवर पांढरा दिवा असा पडला पाहिजे, की 15 मीटरवरून नंबर वाचता यावा. हे कशासाठी? तर कुणी ठोकून पळाला, तर रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या हातात तो नंबरच काय तो उरतो. नंबर मिळाला तर मालक सापडतो, विमा कंपनी सापडते, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा उभा राहतो. मेलेल्या माणसाचं वय, कमाई, मागे राहिलेली मुलं, सगळ्याचा हिशोब होऊन भरपाई ठरते. नंबर मिळालाच नाही, तर सरकारच्या 'हिट अँड रन' योजनेत मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर जखमेसाठी 50 हजार रुपये. तेही 1 एप्रिल 2022 पासून. त्याआधी 25 हजार आणि साडेबारा हजार होते. कमावता माणूस गेलेल्या घराला दोन लाख किती दिवस पुरतात, हे चेंबूरमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मुलगा म्हणाला, "पण मी पळून जाणार नाही, काका." मी म्हटलं, "बाळा, नंबर चोरणारा तुझ्यासारखाच नंबर लावून पळेल. दंडाची पावती तुझ्या मोबाइलवर येईल, आणि तुझी प्लेट वाचता येत नसेल तर ती गाडी तुझी नव्हती हे तू कशावरून दाखवणार?" माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना ते कधी गेलेच नव्हते अशा शहरातलं ई-चलान आलेलं आहे. मुलाने चहा संपवला आणि प्लेट होती तशी ठेवून गेला. उद्या तो दुसऱ्या दुकानात जाणार नाही ह्याची खात्री मला नाही.

साडेबारा

डंपर. "मिस्त्री, ब्रेक दाबला की इंडिकेटर पेटतोय." ड्रायव्हर बीडकडचा, सभ्य माणूस. ही तक्रार ऐकली की मी वायरिंगला हातच लावत नाही, आधी अर्थिंग बघतो. टेल लॅम्पचा करंट बल्बमधून जाऊन चासीत उतरायला हवा. चासीवरचा अर्थिंगचा बोल्ट गंजला की करंटला उतरायला जागा मिळत नाही. मग तो शेजारच्या बल्बच्या काडीतून दुसऱ्या दिव्याकडे शिरतो. ब्रेक मंद लागतो, इंडिकेटर नको तेव्हा मिणमिणतो. मागच्याने काय समजायचं? बोल्ट सोडवला, पॉलिश पेपरने पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, नवी लग लावून आवळला, वर ग्रीस. सगळे दिवे लख्ख.

मग मी भाच्याला बादली आणि फडकं आणायला सांगितलं. डंपरच्या मागे चिखलाचा थर एवढा की नंबर नाही, लाल रेडियमची पट्टी नाही, काहीच नाही. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, अशी पट्टी मोठ्या गाड्यांना नियमानेच लागते. गाडीची बॅटरी मेली, सगळे दिवे गेले, तरी मागून येणाऱ्याच्या उजेडात ती पट्टी चमकते. अमेरिकेत मोठ्या ट्रेलरना अशी पट्टी 1993 पासून सक्तीची झाली. पुढे तिथल्या वाहतूक सुरक्षा संस्थेने अपघातांचा हिशोब केला, तेव्हा अंधारात ट्रेलरला बाजूने किंवा मागून धडकण्याचे प्रकार 29 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. पट्टी स्वच्छ असेल तर मागून होणाऱ्या धडका 53 टक्क्यांनी घटतात, मळलेली असेल तर फक्त 27. म्हणजे अर्धा फायदा फडक्याच्या एका हातात आहे.

भाचा कऱ्हाडजवळचा. तो म्हणाला, "मामा, आमच्याकडं उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नसतोयच." खरं आहे. गाळप हंगामात कारखान्याच्या रस्त्याला एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चालतो, ऊस बाहेर लोंबतो, आणि त्यामागे दिवा असला तरी उसाआड झाकतो. तिथे लोंबत्या उसाच्या शेवटाला रिफ्लेक्टरची कापडी पट्टी बांधणं हाच मार्ग. काही कारखाने आणि पोलीस हंगामाच्या सुरुवातीला तशा पट्ट्या वाटतात. सगळ्यांनी वाटाव्यात.

डंपरवाल्याने पट्टी पुसल्याचे वेगळे पैसे देऊ केले. घेतले नाहीत.

दोन

जेवण. पाऊस जोरात.

तीन

टँकरवाल्याला फ्यूज हवा होता, तो देताना मी भाच्याला मागची केशरी पाटी दाखवली. धोकादायक माल नेणाऱ्या गाडीला नंबरप्लेटशिवाय आणखी एक पाटी कायद्याने लागते, दोन्ही बाजूंना आणि मागे. तिच्यावर 1203 लिहिलेलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत 1203 म्हणजे पेट्रोल. शिवाय आग विझवायला काय वापरायचं, कपडे कोणते घालायचे, आसपासची वस्ती हलवायची का, ह्याचा छोटा संकेत आणि संपर्काचा फोन. टँकर उलटला, ड्रायव्हर बेशुद्ध पडला, तर अग्निशमन दलाला दुरून वाचून कळतं की आत काय आहे. माहुल, गव्हाणपाडा, वाशी नाका, सगळी दाट वस्ती. ती पाटी पुसून ठेवणं हे इथल्या हजारो माणसांसाठीचं काम आहे, मी म्हटलं. भाच्याने ती न सांगता पुसली.

साडेचार

ह्या वेळी येतात ते जास्त उजेड मागणारे. मोटारीच्या साध्या हॅलोजन हेडलाइटला 60/55 वॉटचा बल्ब ठरलेला आहे. बाजारात 100/90 चा मिळतो. तो लावला की होल्डर वितळतो, वायर तापते, आणि समोरच्याचे डोळे दिपतात. हॅलोजनच्या भांड्यात कुठलाही एलईडी बसवला तरी तेच. ते भांडं ज्या जागेवरच्या काडीसाठी घडवलंय, तिथून उजेड निघाला नाही तर तो रस्त्यावर न पडता वर उडतो. समोरून येणाऱ्याला पुढचे काही सेकंद रस्ता ओलांडणारा माणूस दिसत नाही.

"उजेड कमी आहे" म्हणणाऱ्या गाडीचं मी आधी भांडं पुसतो, काच पॉलिश करतो, बॅटरीपासून होल्डरपर्यंत व्होल्टेज मोजतो, मग भिंतीवर फोकस लावतो. बहुतेकांना नव्या बल्बची गरजच उरत नाही. आज एकाला पटलं, एक रागावून गेला.

सव्वासात

सूर्यास्ताची वेळ. कायदा सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने दिवे लावायला सांगतो, पण त्यातच पुढे म्हटलंय की जेव्हा पुरेसा उजेड नसेल तेव्हाही लावा. आज चारलाच अंधारलं होतं. तरी फ्रीवेकडून उतरणाऱ्या गाड्यांत करड्या रंगाच्या, दिवे न लावलेल्या मोटारी दिसत होत्या. पावसात करडी गाडी दिसतच नाही.

साडेनऊ

शटर ओढायच्या बेतात फोन आला. मानखुर्दच्या पुढे सायन-पनवेल मार्गावर टेम्पो बंद पडलाय, लाइटच नाहीत. ड्रायव्हरला मी पहिल्यांदा एवढंच विचारलं, "मागे काय ठेवलंय?" तो म्हणाला, झाडाची फांदी.

आम्ही पोचलो तेव्हा फांदी वाऱ्याने कडेला गेली होती. स्कूटर टेम्पोच्या मागे बरीच लांब उभी केली, इंडिकेटर चालू ठेवला, लाल त्रिकोण आणखी मागे मांडला, आणि भाच्याला कठड्याच्या आत उभं राहून टॉर्च हलवायला लावलं. मग बॉनेट उघडलं. दुरुस्ती कितीही तातडीची असो, आधी मागून दिसणं.

नियम सांगतो की मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे. ताशी 60 किलोमीटरच्या वेगात हे अंतर कापायला नऊ सेकंद लागतात. आरसा बघायला, लेन बदलायला, ब्रेक दाबायला तेवढे पुरतात. दिवा नसलेला काळा टेम्पो लो बीमच्या उजेडात चाळीसेक मीटरवर दिसतो. त्याच वेगातली गाडी ओल्या रस्त्यावर थांबायला, माणसाच्या दचकण्याचा वेळ धरून, साठेक मीटर लागतात. मधले वीस मीटर कुठूनही आणता येत नाहीत.

मेन फ्यूज उडाला होता. कुणीतरी त्या जागी आधीच चांदीचा कागद गुंडाळला होता आणि त्याने वायर जाळली होती. नवी वायर ओढली, फ्यूज बसवला, ब्रेक दाबायला सांगितला आणि स्वतः मागे जाऊन दोन्ही लाल दिवे पाहिले. त्यानंतरच टेम्पो सोडला.

साडेअकरा

घरी. हे लिहून झालं की झोपायचं.

वाचणाऱ्याला एवढंच सांगणं आहे. उद्या गाडी काढण्याआधी घरातल्या कुणाला तरी मागे उभं करा. पार्किंग, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर आणि नंबरप्लेटवरचा दिवा त्यांना बघू द्या. एकटे असाल तर गाडीची पाठ भिंतीकडे करा, ब्रेक दाबा आणि आरशात दोन्ही बाजूंना लाल उजेड पडतो का पाहा. मग ओल्या फडक्याने मागचे दिवे, रेडियम आणि नंबर पुसून घ्या.