पानांचे घर बांधणारे वटवाघूळ

मालेगावात मोसम नदीच्या अलीकडे आमची वस्ती. वस्तीत अशोकाची उंच झाडे ओळीने उभी आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांतल्या एका झाडाखाली रोज सकाळी हिरव्या डहाळ्या आणि चघळून टाकलेल्या फळांचा चोथा पडू लागला. वर पाहिले तर पानांच्या आत पाच-सहा वटवाघळे उलटी लटकलेली!

झाले, वस्तीत चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले, हे घराजवळ आले की घरात मरण येते. कोणी 2020 सालच्या कोरोनाची आठवण काढली. त्या साली या गावाने पुष्कळ सोसले, म्हणून त्या भीतीला आम्ही हसलो नाही. पण आम्ही लूमवरची पाळी संपवून आलो तेव्हा कुऱ्हाडही आणून ठेवलेली होती. आम्ही एवढेच म्हटले, आठ दिवस थांबा. हा प्राणी कोण, ते आधी पाहू. त्या आठ दिवसांत जे वाचले आणि पाहिले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नर घर बांधतो

जगात वटवाघळांच्या 1400 हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या जेमतेम वीस-बावीस जाती पाने वाकवून, कुरतडून स्वतःचे घर करतात. आपल्याकडे भारतभर आढळणारे आखूड नाकाचे फळखाऊ वटवाघूळ हे त्यांतलेच एक. वजन साधारण कोंबडीच्या एका अंड्याच्या आसपास.

तामिळनाडूत अभ्यासकांनी 1990 च्या दशकात अशोकाच्या झाडांवर यांचे काम पाहिले. नर एकेक बारीक डहाळी दातांनी तोडून आत पोकळी करतो. शंभराहून अधिक डहाळ्या तोडाव्या लागतात आणि काम महिना-दीड महिना चालते. बाहेरची लोंबती पाने तशीच राहतात, त्यामुळे ऊन, पाऊस आणि कावळा-शिकरा यांच्यापासून आडोसा मिळतो. ताडाच्या पानांत आणि भेरली माडाच्या घोसातही ते अशीच जागा करतात. घर तयार झाले की माद्या तिथे येऊन राहतात. मादीला वर्षातून दोन वेळा, दर वेळी एकच पिल्लू होते. आमच्या झाडाखाली पडणाऱ्या डहाळ्या म्हणजे बांधकामाचा कचरा होता!

दूर देशांत तर याहून गंमत आहे. मध्य अमेरिकेत कापसाच्या बोंडासारखे पांढरे, बोटाएवढे वटवाघूळ मोठ्या पानाच्या शिरा कुरतडते. पान दोन्ही बाजूंनी छपरासारखे खाली येते आणि त्याखाली सारे कुटुंब चिकटून झोपते. तिथलेच दुसरे एक वटवाघूळ गुंडाळलेल्या कोवळ्या पानाच्या सुरळीत शिरते. त्याच्या अंगठ्यांवर आणि पायांवर चिकटणाऱ्या चकत्या असतात, म्हणून ते डोके वर करून बसते. पान उलगडले की घर गेले, पुन्हा नवे पान शोधायचे. आपल्या देशात नारिंगी-काळ्या पंखांचे एक इवलेसे वटवाघूळ केळीच्या सुकलेल्या पानांत दडलेले सापडते. ते सुकलेले पान समजूनच माणूस पुढे जातो.

भीती किती, काळजी किती

वटवाघूळ आंधळे असते, ही समजूत खोटी आहे. फळखाऊ वटवाघळाचे डोळे मोठे असतात आणि ते वासावरून पिकलेले फळ शोधते. रक्त पिणाऱ्या तीनच जाती आहेत, त्या अमेरिका खंडात. आपले वटवाघूळ फळ दुसऱ्या झाडावर नेऊन रस चोखते आणि चोथा थुंकते. त्यातून बी दूरवर पसरते. मोहाच्या फुलांचे परागीभवनही त्याच्याकडून होते.

मात्र आजाराची गोष्ट सरसकट खोटी नाही. 2018 साली केरळात निपाहची साथ आली, तिचा संबंध मोठ्या फळखाऊ वटवाघळांशी होता. 2020 साली महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहच्या खुणा सापडल्या. म्हणून उष्टावलेले फळ खाऊ नये. फळ धुऊन, सोलून खावे. पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नये. चावा बसलाच तर साबणाने जखम धुऊन लगेच दवाखाना गाठावा. पण झाड तोडल्याने आजार जात नाही, बिथरलेली वटवाघळे शेजारच्या झाडावर जातात एवढेच.

आणखी एक. 1972 च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळे उंदीर-कावळ्यांसोबत 'उपद्रवी' यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. शहरातले झाड तोडायलाही 1975 च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

आठव्या दिवशी हे सारे आम्ही वस्तीत सांगितले. बायांनी पाण्याचे माठ झाडाखालून हलविले, पोरांनी सकाळी झाडण्याची पाळी लावून घेतली. कुऱ्हाड ज्याची त्याच्या घरी गेली. पावसाळ्याच्या तोंडी एका मादीच्या पोटाला पिल्लू बिलगलेले दिसले. ते पाहायला पहिली धावली ती मरण येईल म्हणणारी आमची म्हातारीच.